आईचं मळब

वाळू बघण्याचा मला पगार मिळतो, ही गोष्ट चोपड्यात कुणाला म्हणजे कुणाला पटत नसे. आमचं गाव गोव्यात, शापोरा नदीच्या काठावर, केरीचा समुद्रकिनारा जवळच. पाणी, माड आणि मासळी. सुट्टीवर आलो की पसऱ्यावर, म्हणजे आमच्या वाण्याच्या दुकानावर, माझी उलटतपासणी सुरू होई.

"आतां खंय आसतंस रे?"

"राजस्थानात. वाळवंटात."

"थंय कितां करतंस?"

"वाळू, आपली रेंव, किती चमकते ते मोजतो."

दुकानदार साखरेची पुडी बांधता बांधता थांबे आणि अगदी काळजीच्या सुरात विचारी, "कित्याक? केरीची रेंव सोंपली?"

हशा. मीही हसणाऱ्यांतला. कुणी माझी टोपी उडवली तर ती झेलून आणखी उंच फेकायची, हा माझा जुना स्वभाव. मी म्हणे, "सोंपूंक ना. आमच्या आज्याने तिकडून उसनी आणली होती, ती परत नेऊन देतो." मग दुसरा कोणी तरी म्हणे, तसं असेल तर वारं येतं तेव्हा आम्हीही थोडी पाठवतो, आणि चहा होई.

आईला मात्र माझ्या नोकरीबद्दल पुरेपूर आदर होता. तो आदर पूर्णपणे गैरसमजावर उभा होता. मुलगा वरून बघतो, एवढंच तिच्या डोक्यात बसलं होतं. एकदा पत्रात नव्हे, थेट ट्रंककॉल लावून तिने मला विचारलं होतं, "वयल्यान पळय मरे, आमचो कोंबो खंय गेला तो." मी तिला समजावलं की आमच्या चित्रात आपलं अख्खं घर एका ठिपक्यात मावतं, कोंबडा कुठून दिसणार? तर म्हणाली, "मगे सरकार तुका पैसे कित्याक दिता?"

आईचा एकच डोळा चालत असे. डावा लहानपणी देवींत गेला. उजव्यावर तिने सगळा संसार केला. वडील गेल्यावर ती घरात एकटी राही, आणि त्या एका डोळ्याने ती तांदळातला खडा वेची, सुई ओवी, आणि ओसरीवर बसून शिवोलीहून येणाऱ्या फेरीबोटीतून कोण कोण उतरतंय ते बोट धक्क्याला लागायच्या आधी सांगे. मी तिला चिडवायचो की तुझा डोळा आमच्या उपग्रहापेक्षा चांगला. ती म्हणे, "तुमच्यांत आनी एक बसयात मगे." तो डोळा गेला तर आईचं काय, हा विचार मी आणि माझी थोरली बहीण कधी बोलून दाखवत नसू. पण दोघांच्याही मनात तो कायमचा मुक्कामाला होता.

बहीण, म्हणजे ताय, डिचोलीत दिलेली. तिचं घर खाणीच्या रस्त्याला लागून. माल भरलेले ट्रक नदीवरच्या बार्जींकडे दिवसभर धावत, आणि त्यातला एक माझे भावजीच चालवत. माझी नोकरी नेमकी काय आहे हे मला आयुष्यात एकदाच कुणाला तरी नीट समजावून सांगता आलं, ते तायच्या अंगणात. कारण तिथे सगळं साहित्य हजर होतं.

मी म्हटलं, ही तुमची म्हैस बघा. काळीकुळकुळीत. पण तुमच्या रस्त्याची लाल धूळ बसली की फिकट दिसते. बरोबर? आता दोरीवरचा भावजींचा पांढरा शर्ट बघा. तीच धूळ, पण शर्ट काळवंडला. आणि ही चिऱ्याची लाल भिंत. हिच्यावर धूळ आहे का?

"ना," भावजी म्हणाले.

"बोट फिरवा."

त्यांनी बोट फिरवलं. बोट लाल झालं.

एवढंच शास्त्र. वाळवंटावर हवेत धूळ तरंगते तेव्हा ती खालच्या जमिनीशी असंच वागते. काळ्या जमिनीवर ती स्वतःचा उजेड मिसळते, म्हणून वरून बघणाऱ्याला ती जमीन असते त्याहून उजळ वाटते. पांढऱ्या मिठागरासारख्या जमिनीवर ती येणाऱ्या-जाणाऱ्या उजेडात खोट आणते, जमीन मळकट वाटते. आणि या दोन्हींच्या मध्ये कुठे तरी एक वाळू असते जिच्यावर धूळ जेवढं घालते तेवढंच काढते. त्या वाळूवरून वादळ गेलं तरी वरून काढलेल्या चित्रात सुरकुतीही पडत नाही. खाली माणसाला माणूस दिसत नसतो, आणि वरून वाळवंट छान निवांत झोपलेलं असतं. आमचं काम म्हणजे उपग्रह डोक्यावर येईल त्या सकाळी खाली हजर राहून वाळू खरोखर किती उजळ आहे आणि मधल्या हवेत काय काय आहे ते मोजायचं. नाही तर वरच्याचं खरं किती आणि हवेचं किती, हे कसं कळणार?

ताय पदराने घाम पुसत म्हणाली, "म्हणजे आमच्या घरार धूळ ना, अशां लिवन दी. वयल्यान दिसना ती."

"आनी ह्याका पगार," भावजी म्हणाले. "हांव ती धूळ फुकट खातां."

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. देशाचा नवा उपग्रह वर गेला होता, आणि आमची एक तुकडी मारवाडात एका गावाजवळच्या धोऱ्यांत, म्हणजे वाळूच्या टेकड्यांत, तंबू ठोकून बसली होती. तुकडीत मराठी बोलणारे दोघेच, मी आणि नगर जिल्ह्याकडचे एक ज्येष्ठ गृहस्थ. कामात अतिशय चोख. पण त्यांचा खरा जीव शुद्धलेखनात. खानावळीतल्या पाटीवरचं 'दहि' त्यांनी खिशातल्या खडूने दीर्घ केलं होतं, आणि ती खानावळ राजस्थानात असल्यामुळे मालकाला ते उपकार कळले नाहीत. माझा अहवाल ते वाचत तेव्हा त्यावर इतके ठिपके पडत की वाटे, तेल उडालं. मी त्यांना मनात आणि पाठीमागे 'अनुस्वार' म्हणत असे. पुढे ते त्यांना कळलं आणि आवडलं.

संध्याकाळी वारा पडला की तंबूबाहेर खुर्च्या टाकून त्यांचा ठरलेला विषय सुरू होई.

"काय गोंयकार, कोकणी ही भाषा की बोली?"

"बोली."

"मग राजभाषेचा कायदा कशाला केलात?"

"मी नाही केला."

त्यांची पंचाईत व्हायची. भांडायला समोर कोणी तरी लागतं, आणि मी त्यांच्याच बाजूचा निघालो होतो. आम्ही पेडण्याची, महाराष्ट्राच्या हद्दीवरची माणसं. आमच्या घरात भांडणं कोकणीत आणि आरत्या मराठीत. राजभाषेच्या आंदोलनाच्या दिवसांत माझे वडील पसऱ्यावर उभे राहून तावातावाने सांगत, "आमची भास मराठी, समजलंस मरे?" आणि हे ते कोकणीत सांगत आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नसे, त्यांच्या तर नाहीच. गावातल्या देवळात नाटक व्हायचं ते मराठीत. राजाचं काम करणारा पडद्याआड गेला की 'माका चाय दी' म्हणायचा, आणि त्यात काही विसंगत आहे असं कुणाला वाटत नसे. तेव्हा अनुस्वारांना करमणूक हवी म्हणून मी कधी कधी खोटं खोटं कोकणीच्या बाजूने लढे आणि शेवटी वेळेवर हरे. ते खूष होऊन झोपायला जात. दोन्ही एकच हो, फक्त उच्चारांचा आळस, असं त्यांचं शेवटचं वाक्य असे.

एक दिवस मी धोऱ्यावर होतो. यंत्राची तिकटी वाऱ्याने कलंडली होती, ती सरळ करत होतो. सकाळपासून आकाश पिवळट, गढूळ. आम्ही दोघेही दिवसभर एकमेकांना तेच सांगत होतो, मळभ आहे, आज काही खरं नाही. अनुस्वार पाण्याची पिंपं आणायला गावातल्या विश्रामगृहावर गेले होते. तिथला फोन आमचा निरोपाचा फोन. ते जीपमधून परतले ते धोरा चढून वर आले, धापा टाकत, चेहरा विजयी.

"तुमच्या आईंचा फोन आला होता! मीच घेतला. अथपासून इतिपर्यंत कोकणीत बोलल्या, आणि मला सगळं कळलं. एक शब्द अडला नाही. आता बोला!"

"काय म्हणाली?"

"तब्येत बरी आहे. कोंबडा पुन्हा गेला. तुम्ही जेवता का नीट, हे विचारलं. आणि डोळ्याचं जरा म्हणाल्या. मळभ दिसतं म्हणाल्या. नुसतं मळभ."

मी तिकटी सोडून दिली. "उजव्या डोळ्यात?"

"दुसरा कुठे आहे त्यांना? अहो, घाबरता काय असे? मोतीबिंदू हो. माझ्या वडिलांचं हेच. धुक्यातून बघितल्यासारखं. काही करायचं नाही, पिकू द्यायचा. कच्चा काढला की डोळा गेला म्हणून समजा. त्यात एकच डोळा, तिथे घाई तर अजिबात नको."

त्या काळी डॉक्टरही हेच सांगत. पिकू दे. गावात चार-पाच म्हातारे डोळ्यांत मोतीबिंदू पिकवत बसलेले मला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी मी गावात जाऊन चोपड्याच्या पसऱ्यावर फोन लावला. पलीकडून दुकानदार ओरडला, "आवय चलयेगेर गेल्या! डिचोल्यां!"

"बरी आसा?"

"बरी आसा मरे! आपल्याच पायांनी बसीत चडली!"

तायकडे फोन नव्हता, पण आई लेकीकडे आहे म्हटल्यावर मी निश्चिंत झालो. पुढचे काही आठवडे धुळीने आमचा अंत पाहिला. उपग्रह यायचा त्या सकाळी आम्ही पांढरी पाटी मांडत असू, ज्या पाटीशी ताडून वाळूचा उजळपणा मोजायचा ती, आणि मऊ ब्रशने झटकेपर्यंत तिच्यावर नवा थर बसे. घशात धूळ, डाळीत धूळ, घड्याळात धूळ. पुढे प्रयोगशाळेत ती चित्रं पडद्यावर आली तेव्हा अनुस्वार आणि मी शेजारी शेजारी बसून बघत होतो. आमची टेकडी स्वच्छ, शांत, पिवळी. त्या सकाळी मला माझा हात दिसत नव्हता, आणि चित्रात धुळीचा मागमूस नाही. अनुस्वार म्हणाले, "बघा, काय बेमालूम लपते." मी त्यांना डिचोलीची भिंत सांगितली. ते दाद देऊन हसले.

तिथून मी रजा काढून घरी निघालो, आणि आई अजून तायकडेच असल्यामुळे आधी डिचोलीला उतरलो.

ताय रस्त्यापर्यंत आली. आवाज खाली आणून म्हणाली, "आई रागावली आसा रे. कोणार काय म्हायत. मान वर करूनच बघत नाही. आणि जेवताना..."

"जेवताना काय?"

"ताट माथ्यार धरता. माका भंय दिसता."

आई मागच्या दारी बसली होती. हनुवटी छातीला टेकलेली, एखादी नवी नवरी बसावी तशी. मी पायाशी बसलो. तिने मान आणखी खाली घातली आणि भुवयांच्या खालून, कुठून तरी आतून, माझ्याकडे रोखून पाहिलं. ती रागावलेली नव्हती. ती मला शोधत होती.

"आयलंस? वाळलंस मरे."

"आई, मळभ अजून आहे?"

"आसा मगे. फोनार सांगलां न्हय तुज्या त्या सायबाक? फकत मळब दिसता."

"तसंच? की वाढलं?"

"वाडटलां कशां?" तिला माझा प्रश्न कळेना. तिने हात वर करून फणसाच्या शेंड्यापलीकडे बोट दाखवलं. "तां थंय. निळां. घार फिरता ती पण दिसता. सकयल कायच ना. जमीन ना, ताट ना. माजे पाय माका दिसनत."

निळं.

ज्याला मराठी येते त्याला ठाऊक आहे की मळभ निळं नसतं. आणि जो चोपड्यात जन्मला त्याला ठाऊक असायला हवं की मळब निळंच असतं. आमच्याकडे मळब म्हणजे आकाश. ढगाळ नव्हे, गढूळ नव्हे, नुसतं आकाश, जे सगळ्यांच्या डोक्यावर असतं ते. आई धुकं दिसतं म्हणत नव्हती. ती म्हणत होती, मला फक्त वरचं दिसतं, खालचं जग नाहीसं झालंय. ताट डोळ्यांच्या वर धरलं तरच भात दिसत होता. समोरचं माणूस बघायचं तर मान इतकी खाली घालावी लागे की ते माणूस तिच्या नजरेत वरच्या बाजूला येईल. ताय त्याला राग समजत होती.

"तू मळबांतलो मनीस," आई म्हणाली. "म्हणान तुका विचारलां. तुज्या तायेक सांगूंक ना, ती रडत बसतली."

दुसऱ्याच दिवशी भावजींनी एक जीप मागून आणली आणि आम्ही आईला बेळगावला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी फार वेळ घेतला. मग आईला बाहेर बसवून मला आत बोलावलं.

"हा मोतीबिंदू नाही. डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. वरच्या बाजूने सुटायला लागला, म्हणून आधी खालचं दिसेनासं झालं. आता मधलाही भाग सुटलाय. कधीपासून आहे हे?"

मी सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तेव्हाच आणायला हवं होतं. मोतीबिंदूला थांबता येतं, याला थांबता येत नाही. घरी कुणाच्या लक्षात आलं नाही? त्या काही बोलल्या नाहीत?"

"बोलली," मी म्हटलं. "स्पष्ट बोलली."

नाटकात पडदा वरून खाली पडतो. आईचा खालून वर आला. हे वाक्य मला त्या दवाखान्याच्या बाकावरच सुचलं, आणि माझ्या जिभेला कोणत्या वेळी काय सुचतं याचा मला तेव्हा पहिल्यांदा तिटकारा आला.

मुंबईला नेऊन शस्त्रक्रिया झाली. पडदा पुन्हा धरला नाही. पट्टी काढल्यावर उजेड आणि काळोख एवढं राहिलं. परतीच्या प्रवासात आईने एकदाच विचारलं, "त्या सायबान तुका सांगलां ना?"

"लाइन खराब होती, आई."

"माका वाटलांच," ती म्हणाली. "तो सारखो हय, हय, कळलां, कळलां म्हणी. खूप बरो मनीस."

आई चोपड्याला परतल्याचं कळल्यावर अनुस्वारांनी पसऱ्यावर फोन केला. मी तिला खांद्याला धरून तिथपर्यंत नेलं. त्यांना माझ्याशी बोलायचंच नव्हतं, आईंशी त्यांच्या भाषेत बोलायचं होतं. रिसिव्हर आईच्या कानाला, आणि त्यांचा आवाज इतका मोठा की दुकानभर ऐकू येई.

"आई, कशा आहात? मळभ गेलं का?"

आई शांतपणे म्हणाली, "हय बाबा. मळब गेलां."

"छान! फार छान झालं! द्या, चिरंजीवांना द्या." मी रिसिव्हर घेतला. "गेलं म्हणाल्या! अभिनंदन! आणि बरं का, आज तुम्हाला सांगतो, त्या दिवशी त्या 'मळब' म्हणाल्या होत्या. तुम्ही लोक 'भ'चा 'ब' करता ना? मी जागच्या जागी मनात दुरुस्त करून घेतलं. म्हणून तर इतकं पटकन कळलं!"

दुकानदार माझ्याकडे बघत होता. त्याला सगळी हकिगत माहीत होती. त्याने तराजूत घातलेली साखर परत पोत्यात ओतली, उगाचच.

"आभारी आहे," मी म्हटलं.

त्यांना मी काही सांगितलं नाही. आजवर नाही. ते निवृत्त झाले, दिवाळीला फोन करतात, आणि शेवटी अजून म्हणतात, दोन्ही एकच हो. मी हो म्हणतो. भल्या माणसाला असलं काही कळवून काय मिळवायचं?

मी वाळवंट सोडलं. जवळच्या तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मालाची तपासणी करायची नोकरी धरली आणि आईपाशी राहायला आलो. पसऱ्यावर नव्याने हशा झाला: "केरीची रेंव परत केलंस मगे?" मी म्हटलं, केली, पावती घेतली. विनोदाला मी अजूनही ना म्हणत नसे. फक्त घरी येईपर्यंत तो संपलेला असे.

काळोखात पांढरं काही हललं तर आईला ते कळे, हे मला एका संध्याकाळी कळलं. मी कामावरून आलो, दाराच्या काळ्या चौकटीत उभा राहिलो, आणि ती म्हणाली, "आयलंस." मी अजून बोललो नव्हतो, चपलाही काढल्या नव्हत्या. अंगात पांढरा शर्ट होता. दुसऱ्या दिवशी मुद्दाम निळा घालून गेलो, तसाच येऊन उभा राहिलो. तिचं तोंड माझ्याकडे, पण ओळख नाही. त्यानंतर मी रंगीत शर्ट घेतला नाही. माझी बायको, लग्न होऊन आली तेव्हा, पहिले सहा महिने मला हट्टी समजत होती. मग एकदा आई मला दारात कशी ओळखते ते तिने बघितलं आणि गुपचूप नीळ आणून ठेवली.

अडचण झाली ती तायची. दर पंधरवड्याला ती डिचोलीहून यायची. बस, मग फेरीबोट, हातात पिशवी, आणि आईच्या समोर उभी राहून म्हणायची, "आई, दिसलंय?"

"ना गे बाय."

ताय सवाशीण. पांढरं कापड, म्हणजे साडी, तिने नेसायची नाही. एकदा मीच म्हटलं, इथे घरात कोण बघतंय? आईच उसळली. "माज्या चलयेन पांढरां नेसचां? जांवय जितो आसतां? माका दिसलां ना तरी चलात!" ताय ओटीवर जाऊन रडली. पुढच्या वेळी ती पिवळं नेसून आली, हळदीसारखं. मग फिकट गुलाबी. आईने दोन्ही वेळा मान हलवली. आमच्या मागच्या खोलीची भिंत जुनी, मातकट, आणि तायच्या कापडांचा रंग तिच्यात मिसळून जात होता.

वाळवंटात वर्षं घालवलेल्या माझ्या डोक्यात जे यायला हवं होतं ते तायच्या डोक्यात आलं. ती म्हणाली, "मी पांढरी होऊ शकत नाही ना? भिंत होऊं दी." चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी घराला चुना काढायचाच असतो. त्या वर्षी आईच्या बाजेसमोरच्या भिंतीला तिने तीन हात दिले, इतके की उजेडात बघितलं तर आपले डोळे मिटत. मग गडद हिरवं कापड नेसून ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दार उघडं ठेवलं, जनेल, म्हणजे खिडकी, उघडलं.

"दिसलंय?"

आईने बराच वेळ बघितलं. तिचं तोंड एकदम सैल झालं. "दिसलंय गे! उबी रव. हालूं नाका."

ताय हलली नाही. पाय दुखेपर्यंत तशीच उभी राहिली, आणि आई नुसती बघत बसली. एक हिरवट काळा डाग दिसत असेल तिला, दुसरं काय? पण बघत बसली.

तेव्हापासून रीतच पडली. ताय आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी भिंतीशी जायची. "दिसलंय?" "दिसलंय." मग पाणी, मग चहा, मग डिचोलीच्या गोष्टी. दर चवथीला भिंतीला चुना. असं बरीच वर्षं चाललं.

एका पावसाळ्यानंतर ताय आली तेव्हा मी घरी होतो, विहिरीवर. फेरीबोटीचा आवाज, फाटकाची कडी, सगळं नेहमीसारखं. ती मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबली, कारण बाजेपाशी सांडलेलं पाणी कोणी पुसलेलं नव्हतं आणि ती फडकं शोधत होती. भिंतीपाशी गेलीच नव्हती, हे तिने मला पुढे सांगितलं. भिंत रिकामी.

"दिसलंय गे," आई भिंतीकडे बघून म्हणाली. "बरां दिसतंय. हिरवां नेसलंय न्हय?"

तायने निळं नेसलं होतं.

ती किती वेळ उंबऱ्यावर उभी होती ते मला ठाऊक नाही. मी कळशी घेऊन आत आलो तेव्हा ती पाय न वाजवता, ओल्या जमिनीवरून, भिंतीशी जात होती. पोचली, पाठ लावली, आणि म्हणाली, "हय आई. हिरवां."

आईचा उरलेला उजेड कधी गेला ते तिने आम्हाला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. मी पांढरे शर्ट घालत राहिलो. चवथ जवळ आली तेव्हा भावजी सुट्टी काढून आले, चुन्याची बादली मागच्या खोलीत आणून ठेवली, आणि आई बाहेर ओसरीवर आहे असं बघून हळू आवाजात तायला म्हणाले, "आतां कित्याक गे? कोणाक दिसतलां?"

तायने पदर खोचला.

"तो कुंचो हांगा दी," ती म्हणाली.